स्नायूंच्या झिजेचा प्रश्न आणि त्याला द्यावा लागणारा वेळ : राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानास खुले पत्र

प्रति,
नियामक मंडळ आणि कार्यकारी परिषद,
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन,
नवी दिल्ली

विषय : स्नायूंतील प्रथिनांच्या विघटनावरील संशोधन आणि त्यासाठी दीर्घ मुदतीचे अनुदान

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

मी महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. संसदेने २०२३ साली केलेल्या कायद्यान्वये आपले प्रतिष्ठान उभे राहिले आणि देशभरातील विद्यापीठांत व महाविद्यालयांत संशोधन रुजवण्याची जबाबदारी आपल्याकडे आली, म्हणून हे पत्र आपल्या नावे आहे. ते उघडपणे आणि मराठीत लिहीत आहे, कारण ज्यांच्या करातून हा निधी उभा राहतो त्यांनाही या विषयावर मत बनवता यायला हवे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आजारपणात, उपासमारीत आणि उतारवयात स्नायू का झिजतात, या प्रश्नावर आपल्या देशात चिकाटीने काम होण्याची गरज आहे. मात्र संशोधकाने कोणत्या प्राण्यावर काम करणार, कोणते तंत्र वापरणार आणि शेवटी काय हाती लागणार हे अर्ज करतानाच लिहून द्यायचे आणि तीन वर्षांनी त्याच यादीवर खुणा करून हिशेब द्यायचा, ही आजची पद्धत नेमक्या अशाच कामाचा श्वास कोंडते. हे मी एका शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीच्या आधारे मांडणार आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील आल्फ्रेड गोल्डबर्ग हे ते शास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १९४२ चा. २०२३ साली ते निवर्तले आणि मधला जवळजवळ सगळा काळ त्यांनी पेशीतील प्रथिने कशी मोडली जातात हे समजून घेण्यात घालवला.

त्यांनी सुरुवात केली तेव्हा हा विषय प्रतिष्ठेचा नव्हता. शरीरातील प्रथिने स्थिर नसतात, ती सतत मोडत आणि नव्याने घडत असतात, हे रुडॉल्फ शोनहायमर यांनी नायट्रोजनचा जड समस्थानिक वापरून १९३० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले होते. तरीही १९६० च्या दशकात बहुतेक बुद्धिमान तरुण प्रथिने घडतात कशी याच्या मागे होते. जनुकीय संकेताचा उलगडा तेव्हाच होत होता आणि त्या यशाचा प्रकाश डोळे दिपवणारा होता. घडण शिकण्यासारखी, मोडण म्हणजे केवळ झीज, असा समज रूढ होता. गोल्डबर्ग यांनी मात्र डॉक्टरेटसाठी स्नायूंची वाढ आणि झीज हा विषय निवडला.

त्यांचे सुरुवातीचे प्रयोग मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सविस्तर सांगते, कारण त्यांतली स्वच्छता अजूनही शिकवण्याजोगी आहे. उंदराच्या पोटरीतील मोठ्या स्नायूचा कंडरा कापला की त्याचे काम शेजारच्या लहान स्नायूंवर पडते आणि ते काही दिवसांतच वजनाने वाढतात. पियुषिका ग्रंथी काढून टाकलेल्या, म्हणजे वाढीचे संप्रेरक मिळत नसलेल्या उंदरांतही ही वाढ होते, असे त्यांना आढळले. स्नायूवर पडणारे काम हीच त्याच्या वाढीची एक स्वतंत्र प्रेरणा आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. मग त्यांनी उलटा प्रश्न विचारला. स्नायूकडे जाणारी नस कापली की तो वाळतो, पण तो वाळतो म्हणजे नक्की काय होते? किरणोत्सारी अमिनो आम्ले देऊन स्नायूतील प्रथिनांवर खूण करायची आणि ती खूण किती वेगाने नाहीशी होते हे मोजायचे, या मार्गाने त्यांनी १९६९ साली दाखवून दिले की नस तुटलेल्या स्नायूत प्रथिनांच्या विघटनाचा वेग वाढतो, कॉर्टिझोन हे संप्रेरक दिल्यावरही तो वाढतो, आणि काम करून वाढणाऱ्या स्नायूत तो कमी होतो. म्हणजे झीज ही केवळ पुरवठा आटल्याने होणारी उणीव नव्हे. शरीर ती घडवून आणते, तिचे नियमन करते आणि म्हणून ती थांबवताही येऊ शकेल. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाकडे पाहण्याची दृष्टीच या निष्कर्षाने बदलावी असे त्याचे मोल आहे.

पुढे अडचण आली ती यंत्रणेची. त्या काळी पेशीतील विघटनाचे ठिकाण म्हणून लायसोसोम ही पिशवी सर्वमान्य होती. आतले द्रव आम्लधर्मी, आत पाचक एन्झाइम, सगळे सुटसुटीत. पण एक जुने निरीक्षण या चित्रात बसत नव्हते. मेल्विन सिम्पसन यांनी १९५३ मध्ये यकृताच्या पातळ कापांवर काम करताना पाहिले होते की प्रथिने मोडायलाही पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे चमत्कारिक आहे, कारण प्रथिनातील अमिनो आम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध तुटताना ऊर्जा सुटते, लागत नाही. आपल्या जठरातील पाचक एन्झाइम ती मागतही नाहीत. मग पेशी मोडण्यासाठी ऊर्जा का खर्चते? गोल्डबर्ग यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटला, पण स्नायूत त्याचे उत्तर शोधणे अवघड होते. स्नायू हे गुंतागुंतीचे साहित्य आहे : तंतू, रक्तवाहिन्या, संयोजी ऊती सारे एकत्र विणलेले. तो कुटून त्याचा अर्क काढला की ज्या क्रियेचा शोध घ्यायचा तीच हरवते.

तेव्हा ते जिवाणूंकडे वळले. ई. कोलाय या जिवाणूत लायसोसोम नसतो. तरीही सदोष प्रथिने त्यात झपाट्याने मोडली जातात आणि त्यासाठी ऊर्जा लागते, हे त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. लायसोसोमखेरीज दुसरी कोणतीतरी, ऊर्जेवर चालणारी यंत्रणा असली पाहिजे, असा अंदाज त्यातून बळावला. मग तीच यंत्रणा प्राण्यांच्या पेशीत शोधायची तर अशी पेशी हवी जिच्यात लायसोसोम जवळजवळ उरलेलेच नाहीत. त्यांनी सशाच्या अपरिपक्व तांबड्या रक्तपेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, निवडल्या. १९७७ साली जोसेफ एटलिंगर यांच्यासह त्यांनी या पेशींचा असा अर्क तयार केला की जो परीक्षानळीत सदोष प्रथिने मोडत होता, मात्र पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू घातल्यावरच. ही क्रिया पेशीद्रवात विरघळलेल्या घटकांची होती आणि लायसोसोमला लागते तशी आम्लता तिला नको होती. क्षेत्राला हवी असलेली पायवाट या अर्काने मोकळी झाली.

येथे मी आपले लक्ष थोडे थांबवू इच्छिते. स्नायूंच्या झिजेसाठी अनुदान घेतलेला एक शरीरक्रियाशास्त्रज्ञ काही वर्षे जिवाणू वाढवत बसतो आणि मग सशाच्या रक्ताकडे वळतो. आपल्याकडच्या परीक्षण समितीपुढे हा माणूस मुदतवाढीसाठी उभा राहिला असता तर काय झाले असते, याची कल्पना या क्षेत्रातील कोणालाही करता येईल. माझ्या एका विद्यार्थिनीने स्नायूतील एका एन्झाइमचे काम आधी यीस्टमध्ये तपासून घेण्याचा प्रस्ताव एका निधी देणाऱ्या संस्थेकडे पाठवला होता. परीक्षकांनी विज्ञानात दोष काढला नाही. विषय स्नायूंचा असताना यीस्ट कशासाठी, आणि मार्गदर्शिकेचा यीस्टवरील पूर्वानुभव कोठे आहे, एवढ्या दोन शेऱ्यांवर प्रस्ताव परत आला. ती मुलगी आज औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम करते. ते काम कमी महत्त्वाचे नाही. पण तिला जो प्रश्न पडला होता तो तिच्याबरोबर प्रयोगशाळेच्या बाहेर गेला, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होणार नाही.

पुढचा भाग अधिक परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगते. इस्रायलमधील हैफा येथील टेक्निऑन या विद्यापीठात अव्हराम हर्शको आणि आरॉन सिएखानोव्हर यांनी, तसेच फिलाडेल्फियात अर्विन रोझ यांच्यासह, रेटिक्युलोसाइटच्या अर्काचे घटक वेगळे केले आणि युबिक्विटिन हे लहानसे प्रथिन मोडायच्या प्रथिनावर चिकटवले जाते, हे १९८० च्या सुमारास उलगडले. तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गोल्डबर्ग त्यांत नव्हते. खूण लागलेले प्रथिन प्रत्यक्ष मोडते कोण, हा उरलेला अर्धा प्रश्न त्यांच्यासह अनेक गट सोडवत होते. तो मोठा कण वेगवेगळ्या प्रयोगशाळांना वेगवेगळ्या वाटांनी सापडला होता आणि त्याला नावेही अनेक पडली होती. १९८८ मध्ये गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी वापरलेले ‘प्रोटिएसोम’ हे नाव टिकले. सात-सात घटकांची चार कडी एकावर एक रचून झालेली पोकळ नळी, आणि कातरणारी केंद्रे त्या नळीच्या आत बंदिस्त, अशी त्याची घडण आहे. ऊर्जा कशासाठी लागते याचे उत्तर या घडणीतच आहे : प्रथिनाची घडी उलगडून त्याचा धागा अरुंद तोंडातून आत ढकलावा लागतो, आणि नेमके हवे तेच प्रथिन आत जावे, बाकीची पेशी सुरक्षित राहावी, यासाठी पेशी एटीपी मोजते. सिम्पसन यांच्या निरीक्षणाला हे उत्तर मिळायला काही दशके लागली.

गोल्डबर्ग स्नायूंना विसरले नव्हते. उपवास, नस तुटणे, मूत्रपिंडाच्या विकारात रक्ताची वाढणारी आम्लता अशा निरनिराळ्या अवस्थांत स्नायूमधील हाच युबिक्विटिन-प्रोटिएसोम मार्ग तीव्र होतो, हे १९९० च्या दशकात त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. मग तर्काने पुढचे पाऊल असे पडले की प्रोटिएसोमला थोडा आवर घालणारे औषध मिळाले तर कर्करोगाच्या किंवा जंतुसंसर्गाच्या रुग्णाचे स्नायू वाचतील. या उद्देशाने १९९३ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे मायोजेनिक्स ही लहान कंपनी स्थापन झाली. तिच्या रसायनशास्त्रज्ञांनी, विशेषतः ज्युलियन अ‍ॅडम्स यांच्या नेतृत्वाखाली, बोरॉनयुक्त रेणू बनवले. त्यांपैकी एक पुढे बोर्टेझोमिब या नावाने ओळखला गेला आणि मे २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मान्यता दिली, ती स्नायूंच्या झिजेसाठी नव्हे तर मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी. या कर्करोगातील पेशी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी असतात. त्या एवढे प्रथिन तयार करतात की चुकीच्या घड्या पडलेल्या मालाचा निचरा थांबला की त्या इतर पेशींच्या आधी गुदमरतात. आज आपल्या देशातही हे औषध जेनेरिक स्वरूपात बनते आणि मायलोमाच्या उपचारात नित्य वापरले जाते. हातापायांच्या नसांना होणारी इजा हा त्याचा मोठा दुष्परिणाम आहे, आणि त्यावरूनच कळते की प्रत्येक पेशीला लागणारी ही यंत्रणा केवळ स्नायूंसाठी महिनोन्‌महिने रोखून धरणे शक्य नव्हते.

आता आपल्या मूल्यमापनाच्या तक्त्यात हे कसे भरायचे? ‘अपेक्षित फलित’ या रकान्यात स्नायूंची झीज थांबवणारे औषध असे लिहिलेले होते. ते फलित मिळाले नाही. तक्त्याच्या नियमाने हा प्रकल्प अपयशी ठरतो. प्रत्यक्षात त्यातून असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढले, आणि त्याहून कमी बोलले जाणारे असे की याच प्रयत्नात तयार झालेले, प्रोटिएसोमला रोखणारे एमजी-१३२ सारखे रेणू जगभरच्या प्रयोगशाळांना मिळाले. त्यांच्या साहाय्याने पेशीविभाजन, दाह आणि विषाणूग्रस्त पेशी रोगप्रतिकारक यंत्रणेला आपली ओळख कशी पटवते याचा अभ्यास शक्य झाला. हा शेवटचा विषय स्वतः गोल्डबर्ग आणि केनेथ रॉक यांनी १९९४ मध्ये मार्गी लावला. माझे मत स्पष्ट आहे : एखाद्या संशोधनाचा हिशेब त्याने जे सांगितले होते त्यावरून नव्हे, त्यातून जे कळले त्यावरून झाला पाहिजे.

मात्र एवढ्यावर थांबून मूलभूत संशोधनातून कर्करोगाचे औषध मिळते असे सांगणे मला पुरेसे वाटत नाही, कारण मूळ प्रश्न जागेवरच आहे. स्नायूंच्या बाबतीत कथा पुढेही चालू राहिली. २००१ साली, एकीकडे गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेने आणि दुसरीकडे एका औषध कंपनीतील संशोधकांनी, झिजणाऱ्या स्नायूतच जोमाने व्यक्त होणारी, मोडायच्या प्रथिनांवर युबिक्विटिन चिकटवणारी अ‍ॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही एन्झाइम शोधली; ती नसलेल्या उंदरांचे स्नायू नस कापल्यावरही कमी वाळतात. २००४ मध्ये या जनुकांना चालू करणारा फॉक्सओ हा घटक कळला. २००७ मध्ये असेही दिसले की तोच घटक लायसोसोमचा मार्गही सोबत जागा करतो, म्हणजे ज्या लायसोसोमच्या पलीकडे पाहण्यापासून ही शोधयात्रा सुरू झाली होती, त्याला स्नायूच्या झिजेत पुन्हा हक्काचे स्थान मिळाले. एवढे ज्ञान हाती असूनही या विघटनालाच थेट आवर घालून रुग्णाचे स्नायू वाचवणारे औषध आज वॉर्डात उपलब्ध नाही. आम्ही प्रथिनयुक्त आहार सांगतो, शक्य तितक्या लवकर हालचाल सांगतो, आणि तेवढेच सांगतो.

हा प्रश्न आपल्या देशाचा आहे, असे मी का म्हणते? क्षयरोगाचे रुग्ण आपल्याकडे जगात सर्वाधिक आहेत आणि त्या रोगात देह कसा उतरतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. अतिदक्षता विभागात झीज किती वेगाने होते याचे मोजमाप लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले : गंभीर रुग्णांच्या मांडीतील एका स्नायूचे छेदक्षेत्र दहा दिवसांत सरासरी जवळजवळ १८ टक्क्यांनी घटले. आपल्या अतिदक्षता विभागांत येणारा रुग्ण अनेकदा आधीच कमी स्नायू घेऊन येतो. तो कमी का असतो, याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातच सापडला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९० च्या दशकात गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही घट सर्व अवयवांत सारखी नव्हती : स्नायू आणि पोटातील अवयव कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीच टिकून होती. दिसायला बारीक पण चरबीचे प्रमाण अधिक, अशी ही घडण जन्मापासूनची आहे आणि मधुमेहाशी तिचा संबंध पुण्याच्या या कामाने जगापुढे मांडला.

इन्शुलिन हे स्नायूतील प्रथिनांचे विघटन आवरणारे एक मुख्य संप्रेरक आहे. मग जन्मतःच कमी स्नायू असलेल्या आणि पुढे इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात प्रथिनांच्या विघटनाचा वेग कसा असतो? अशा व्यक्तीला क्षयरोग झाला, शस्त्रक्रिया झाली किंवा ती तीन आठवडे अंथरुणावर राहिली तर तिची झीज निराळ्या मार्गाने होते का? डाळ-भाकरीच्या आहारातील अमिनो आम्ले ही झीज भरून काढायला कितपत पुरतात? हे प्रश्न बोस्टनमध्ये कोणी आपल्यासाठी सोडवून ठेवणार नाही. त्यांसाठी समस्थानिकांनी खूण केलेली अमिनो आम्ले, ती मोजणारे मास स्पेक्ट्रोमीटर, शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या लेखी संमतीने घेतलेले स्नायूचे लहान तुकडे आणि ते उणे ८० अंशांवर सांभाळणारी व्यवस्था लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत रुग्ण आहेत, शल्यचिकित्सक आहेत, प्रश्न विचारणारे विद्यार्थीही आहेत. उपकरणे आणि सलग वेळ नाही.

आपल्या प्रतिष्ठानाच्या निधीतील मोठा वाटा सरकारबाहेरील स्रोतांकडून यावा अशी अपेक्षा आहे, त्यामुळे ‘याचा उपयोग काय आणि कधी’ हा प्रश्न यापुढे अधिक जोराने विचारला जाईल. तो विचारण्यात गैर काही नाही. गोल्डबर्ग यांनाही रुग्ण विसरायचा नव्हता. कंपनी त्यांनी त्यासाठीच काढली. फक्त त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ तिसऱ्या वर्षाच्या मार्च महिन्यात, निधीच्या वापर प्रमाणपत्रासोबत, ठरवू नये.

म्हणून माझी विनंती अशी की स्नायूंची झीज आणि प्रथिनांचे विघटन या विषयासाठी आपण निदान दहा वर्षांचे अनुदान आखावे आणि त्यात पाचव्या वर्षी वैज्ञानिक आढावा ठेवावा. त्या आढाव्यात मूळ यादीतील किती कामे झाली याऐवजी प्रश्न किती पुढे सरकला, हे विचारावे. संशोधकाने मधल्या काळात उंदराऐवजी यीस्ट, जिवाणू किंवा माशी निवडली तर कारणे लेखी देऊन तसे करण्याची मोकळीक अनुदानाच्या अटींतच असावी. त्यासाठी नव्याने मंजुरी मागावी लागू नये. परीक्षकांच्या नमुन्यातून विशिष्ट प्राण्यावरील वा तंत्रावरील पूर्वानुभवाचा रकाना काढून टाकावा किंवा निदान त्याला गुण देऊ नयेत. ज्याला तंत्र येत नाही तो ते येणाऱ्याला सोबत घेऊ शकतो. प्रत्येक राज्यात एका वैद्यकीय महाविद्यालयात समस्थानिक-मापनाची सुविधा उभारावी आणि ती चालवणाऱ्या तंत्रज्ञांचे वेतन प्रकल्पावर अवलंबून ठेवू नये, कारण यंत्रे येतात आणि माणूस नसल्याने आच्छादनाखाली पडून राहतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आणि जे प्रयोग अपेक्षेप्रमाणे झाले नाहीत त्यांचे निष्कर्षही अंतिम अहवालात पूर्ण मानाने स्वीकारले जावेत.

पुढील प्रस्ताव मागवताना या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे. या विषयाचा तपशीलवार आराखडा सादर करण्यास राज्यातील माझ्यासारख्या शिक्षकांना बोलावल्यास आम्ही येऊ.

कळावे,

आपली विश्वासू,
जीवरसायनशास्त्राची एक प्राध्यापिका,
महाराष्ट्र